मामा तलावाच्या आराखड्यात सारसाची आणि माशांची बाजू कोणी मांडावी?

प्रश्न : काठरेषा

नमस्कार. मी वास्तुरचनाकार आहे आणि ग्रामीण भागातील सार्वजनिक जागांचे आराखडे गावकऱ्यांबरोबर बसून तयार करणे हे माझे मुख्य काम आहे. सध्या गोंदिया जिल्ह्यातील एका मामा तलावाच्या दुरुस्तीचा आराखडा आमच्या लहानशा गटाकडे आला आहे. त्यातून पडलेला प्रश्न नियोजन, परिसरविज्ञान, शेती आणि कायदा या क्षेत्रांतील सभासदांपुढे ठेवत आहे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजवटीत त्यांतले बरेचसे कोहळी समाजातील जाणकारांनी उताराचा अंदाज घेऊन बांधले. एका तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावात जावे, अशा साखळ्या त्यांनी घातल्या. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांतल्या 100 हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेल्यांची देखभाल पुढे जिल्हा परिषदेकडे आली. देखभाल हा शब्द येथे उदारपणे वापरला आहे.

आमच्या पहिल्या बैठकीत तीन मागण्या ठळकपणे पुढे आल्या. शेतकऱ्यांना साठवण वाढवून हवी आहे, कारण उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला ऑक्टोबरात एक पाणी कमी पडते. मच्छीमार संस्थेला उन्हाळ्यात मासे तगतील असा खोल डोह हवा आहे. ग्रामपंचायतीला पाळीवर (तलावाच्या बांधावर) फरसबंद वाट, बाके आणि दिवे हवे आहेत. एका निवृत्त शिक्षकांनी विचारले की, तलावाच्या पश्चिमेकडील उथळ पाण्यात सारसाची जोडी येते, तिचे काय करायचे? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा पुन्हा बाकांकडे वळली. कार्यवृत्तात एवढेच वाक्य आले की, ‘पक्ष्यांचाही विचार करण्यात यावा.’ प्रत्यक्ष अंदाजपत्रकात मात्र पश्चिमेचा तोच काठ खोदून सरळ उभा करण्याचे काम धरलेले आहे.

लोकसहभागी आराखड्याचे तत्त्व असे की, ज्याच्या जगण्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याला निर्णयात स्थान असावे. हे तत्त्व प्रामाणिकपणे लावायचे तर सारस, मरळ मासा, झिंगे, देवधान (रानटी भात) आणि पाणसापही परिणाम भोगणारे घटक ठरतात, पण बैठकीला येऊन बोलणे त्यांना शक्य नाही. माझ्या वाचनात यावर दोन मार्ग आले. एकात बैठकीतील माणसे एकेका प्राण्याची भूमिका घेऊन त्याच्या वतीने बोलतात. दुसऱ्यात तज्ज्ञाकडून अहवाल मागवून तो आराखड्याला जोडला जातो. पहिल्याचे नाटक होईल आणि दुसऱ्याचे परिशिष्ट होईल, अशी मला भीती वाटते. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगावे की, मनुष्येतर जीवांचे स्थान केवळ सदिच्छेच्या वाक्यापुरते न राहता मोजमापापर्यंत पोहोचावे यासाठी काय करता येते?

उत्तर : सहविचार

मी रचनाशास्त्र शिकवतो, त्यामुळे आधी या विचाराचा उगम थोडक्यात सांगतो. त्याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. सहभागी रचनेची परंपरा 1970 च्या दशकात स्कँडिनेव्हियात कामगार चळवळीतून आली. कारखान्यांत संगणक येऊ लागले तेव्हा नॉर्वेतील लोह आणि धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टन नीगार्ड यांच्यासारख्या संशोधकांना बरोबर घेतले आणि यंत्रणा कशी असावी हे ठरवण्याचा कामगारांचा हक्क मागितला. पुढे 1981 पासून छपाई कामगारांच्या संघटनांबरोबर झालेला ‘युटोपिया’ प्रकल्प त्याच वाटेवरचा होता. तेथे सहभागाचा अर्थ सौदाशक्ती असा होता. कामगार संप करू शकत होता आणि म्हणूनच त्याचे मत ऐकले जात होते. सारसाला संप करता येत नाही. तो फक्त येईनासा होतो, आणि तोपर्यंत देयके निघालेली असतात.

प्राण्यांच्या भूमिका घेण्याची पद्धत 1985 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात जॉन सीड आणि जोअ‍ॅना मेसी यांनी ‘सर्व जीवांची परिषद’ या स्वरूपात सुरू केली. मुखवटे लावून माणसे नदी, कासव किंवा डोंगर म्हणून बोलतात. मी विद्यार्थ्यांबरोबर हा प्रयोग केलेला आहे. त्याचा उपयोग भावनिक पातळीवर होतो आणि बोलायला बिचकणारी माणसेही त्यात मोकळी होतात, हे मान्य करतो. परंतु मुखवट्याआडचा माणूस बहुतेक वेळा त्याला आधीपासून जे हवे असते तेच बोलतो. खोलीकरणाला अनुकूल असलेल्या माणसाच्या तोंडचा मासा खोल पाणी मागतो आणि पर्यटनाला अनुकूल असलेल्या माणसाच्या तोंडचा पक्षी निरीक्षण-मनोरा मागतो. त्याला खोटे ठरवण्याची सोय त्या खेळात नसते. निर्णयप्रक्रिया म्हणून ही पद्धत मला कच्ची वाटते ती याच कारणाने.

याहून वेगळा प्रयत्न नेदरलँड्समध्ये 2018 साली सुरू झालेल्या ‘उत्तर समुद्राचा दूतावास’ या उपक्रमात दिसतो. त्यांनी 2030 पर्यंतच्या कामाचे तीन टप्पे ठरवले : आधी ऐकणे, मग बोलणे, मग वाटाघाटी करणे. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडील बैठका बहुधा दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होतात. समुद्राच्या बाबतीत ऐकणे म्हणजे पाण्याखालचे ध्वनिमुद्रण, अभ्यासकांच्या नोंदी आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या आठवणी. तलावाच्या बाबतीत ऐकणे म्हणजे काय, याचे उत्तर माझ्यापेक्षा येथील इतर सभासद अधिक चांगले देतील.

न्यूझीलंडचे उदाहरण अनेकदा दिले जाते, पण बहुधा अर्धवट. 2017 च्या कायद्याने व्हांगानुई नदीला विधिमान्य व्यक्तीचा दर्जा मिळाला आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन व्यक्तींचे एक पद निर्माण झाले. त्यांतली एक व्यक्ती शासन सुचवते, तर दुसरी त्या नदीकाठच्या माओरी समुदायाकडून येते. नदीचा आवाज कोणाही सुशिक्षित हितचिंतकाला दिलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या नदीशी बांधलेल्या आणि दीर्घकाळ हक्कांसाठी भांडलेल्या लोकांना दिलेला आहे. आपल्या तलावाच्या संदर्भात ‘पक्ष्यांची बाजू कोण मांडणार’ हे विचारण्याआधी, तलावाला सर्वांत जवळून ओळखणारी माणसे बैठकीत होती का, हे तपासावे असे मी सुचवेन.

उत्तर : धानबांधी

मी याच पट्ट्यातील शेतकरी आहे आणि माझी जमीन एका तलावाच्या लाभक्षेत्रात येते. वरील विवेचन चांगले आहे, पण शेतकऱ्याच्या बाजूने काही गोष्टी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते.

सारसाबद्दल आमच्याकडे वैर नाही. जोडी शेतात उतरली तर जुनी माणसे तिला हुसकावत नसत आणि आजही बरेच जण हुसकावत नाहीत. परंतु सारस बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या शेतात) घरटे करतो तेव्हा सभोवतालचे धान मोडून त्याचा ढीग रचतो, आणि अंडी उबवण्याचा महिनाभराचा काळ संपेपर्यंत त्या बांधीत निंदण, खत, फवारणी या कामांना अडचण येते. नुकसान फार मोठे नसते हे खरे, पण ते एकाच माणसाचे होते आणि त्याची जमीन बहुधा लहान असते. गाव टाळ्या वाजवतो, पेपरात छायाचित्र छापून येते आणि धान एकाचे जाते. त्यामुळे कोणत्याही आराखड्यात माझा पहिला प्रश्न असा असेल की, या निर्णयाचा भार कोणाच्या सातबाऱ्यावर पडणार?

दुसरी गोष्ट. मनुष्येतर जीवांना स्थान द्यायचे म्हटले की सारस, फुलपाखरू आणि कमळ यांची नावे घेतली जातात. रानडुक्कर हाही मनुष्येतर जीवच आहे आणि एका रात्रीत तो बांधी लोळवून जातो. तलावाच्या काठावर दाट झुडूप राखले तर त्यात तोच आधी मुक्काम करील. ज्यांना बैठकीत घ्यायचे त्यांची यादी शहरातून येऊ नये आणि ती केवळ सुंदर प्राण्यांची असू नये. कोणाला जागा द्यायची आणि कोणाला नाही हा निवाडा शेवटी माणसेच करणार आहेत, तर तो उघडपणे करावा. काठभर माजलेली बेशरम हीसुद्धा वनस्पतीच आहे. तिचा प्रतिनिधी कोणी होत नाही, आणि होऊही नये.

तिसरी गोष्ट तांत्रिक आहे. आम्ही साठवण वाढवून मागतो, काठ उभा करून मागत नाही. काठ उभा होतो तो खोदकामाच्या सोयीमुळे. पोकलेन पाळीजवळ किंवा रस्त्याजवळ उभे राहते, तेथूनच गाळ काढते आणि तेथूनच ट्रॅक्टर भरतात. तलावाच्या मध्यभागी यंत्र न्यायचे तर तळ पूर्ण सुकावा लागतो, वाट करावी लागते आणि वाहतुकीचे अंतर वाढते. कंत्राटदाराला तेवढेच घनमीटर काठावरून काढणे परवडते. मधला भाग खोल केला आणि पश्चिमेचा काठ तसाच ठेवला, तर आमचे पाणीही वाढेल, मच्छीमारांना डोहही मिळेल आणि उथळ जागाही राहील. उथळ पाण्याची वाफ जास्त होते हा मुद्दा राहतो, पण तो एवढ्यापुरता सोसता येण्यासारखा आहे. माझ्या मते आपल्या बैठकीत शेतकरी आणि सारस यांच्यात जे भांडण दिसले, ते प्रत्यक्षात खोदाईच्या दराचे भांडण आहे.

उत्तर : पाणकाठ

धानबांधी यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी भंडारा-गोंदिया भागात तलावांतील मासे आणि पाणवनस्पती यांच्या नोंदींचे काम करते. सहविचार यांनी ‘ऐकणे’ म्हणजे काय असे विचारले आहे, त्यावर लिहिते.

उथळ काठ हा तलावाचा रिकामा भाग नसून सर्वांत गजबजलेला भाग असतो. पहिल्या मोठ्या पावसात अनेक स्थानिक मासे प्रवाहाविरुद्ध चढून नव्याने बुडालेल्या उथळ जागेत अंडी घालतात. मरळ पाणवनस्पतींमध्ये जागा साफ करून घरटे करते आणि पिल्लांची राखण करते. देवधान, कमळ आणि पाण्याखालच्या वनस्पती यांची मुळे आणि बी याच पट्ट्यातील गाळात असते. सारस याच पाण्यात, साधारण गुडघ्याच्या आतील खोलीत, कंद, किडे, गोगलगायी आणि बेडूक शोधत फिरतो आणि पाणवनस्पती ओढून घरट्याचा ढीग रचतो. काठ उभा केला की हे सारे एकदम जाते. पाणी तेवढेच दिसते, किंबहुना अधिक दिसते, म्हणून गावाला काही गमावल्याचे लक्षात येत नाही. दोन-तीन वर्षांनी स्थानिक मासे कमी झाले की संस्था रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज अधिक टाकते आणि हिशेब जुळवते. बाजारात मरळीला भाव जास्त असतो, हे मात्र त्या हिशेबात कोठे दिसत नाही.

हे सगळे गावात कोणाला माहीत असते? ढिवर या मच्छीमार समाजातील स्त्रियांना. पुरुष जाळी घेऊन खोल पाण्यात जातात आणि संस्थेच्या वतीने बैठकीत बहुधा तेच बोलतात. काठच्या पाण्यात लहान मासे आणि झिंगे धरणे, शिंगाडा काढणे, कमळाचे कंद काढणे ही कामे बहुतांशी बायकांची असतात. कोणती वनस्पती कोणत्या काठाला वाढते, कोणत्या आठवड्यात कोणता मासा अंड्यावर येतो, पाणी किती उतरले की कुत्री घरट्यापर्यंत पोहोचतात, हे त्या सांगू शकतात. बेशरम मुळासकट काढणे, पावसापूर्वी काठ नांगरणे आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे हे काम या भागात काही तलावांवर झालेले आहे आणि त्यात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. बेशरम नुसती छाटली तर तुकडे रुजून ती दुप्पट वाढते, हेही प्रथम त्यांच्याकडूनच ऐकावे.

म्हणून काठरेषा यांना माझा प्रतिप्रश्न आहे. आपल्या बैठकीत किती ढिवर स्त्रिया होत्या, आणि त्यांतील किती बोलल्या? मला उत्तराचा अंदाज आहे. मासे बैठकीत नव्हते याचे कारण ते पाण्यात राहतात हे नाही. त्यांच्याबद्दल जाणणाऱ्या माणसांनाच बोलावले नव्हते. मनुष्येतरांच्या प्रतिनिधित्वाची चर्चा करताना जातीचा आणि स्त्रीपुरुषभेदाचा प्रश्न मागे टाकला, तर नवे शब्द वापरून जुनीच बैठक भरवल्यासारखे होईल.

पद्धत म्हणाल तर सभागृहातील बैठक कमी करा आणि तलावाभोवती फेरी वाढवा. निदान तीन वेळा फेरी व्हावी : मे महिन्यात तळ उघडा असताना, जुलैत पाणी चढताना आणि सप्टेंबरच्या अखेरीस पाटाला पाणी सुटताना. एकाच फेरीवरून आराखडा केला तर तो त्याच महिन्यातल्या तलावाचा आराखडा होतो. फेरीत प्रत्येक थांब्यावर बांबूची खुंटी रोवावी, तिच्यावर पाण्याची पातळी खुणेने दाखवावी आणि त्या पातळीला तेथे कोण असते हे नोंदवावे. ज्या बायका सभेत गप्प राहतात त्या पाण्याच्या काठावर भरभरून बोलतात, हे मी वारंवार पाहिले आहे. एका वर्षाच्या नोंदीतून पाण्याची पातळी, महिना आणि जीव यांचा एक तक्ता तयार होतो. पुढच्या बैठकीत तो तक्ता जमिनीवर आखून ठेवा. मग कोणी म्हणाले की 15 सप्टेंबरला गेट पूर्ण उघडावे, तर त्या तारखेला काठावरचे घरटे कोरड्यावर येईल हे दाखवायला मुखवट्याची गरज राहत नाही.

दिव्यांबद्दल एक गोष्ट विसरू नये. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, जवळजवळ माणसाएवढा. वजनदार असल्यामुळे उडताना तो वर येण्यास वेळ घेतो आणि विजेच्या तारांना धडकून सारस मेल्याच्या घटना या जिल्ह्यात घडलेल्या आहेत. पाळीवरून लोंबत्या तारा नेऊन दिवे लावणे हा आराखड्यातील सर्वांत घातक भाग आहे, आणि माझ्या माहितीत त्यावर कोणीही हरकत घेत नाही, कारण दिवे सर्वांनाच आवडतात.

उत्तर : कलम पाच

कायद्याच्या अंगाने काही मुद्दे जोडतो, कारण ‘नदीला व्यक्तीचा दर्जा’ या कल्पनेचे आकर्षण वाढले आहे आणि तिच्या मर्यादाही माहीत असाव्यात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्ती घोषित केले. राज्य शासन लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै 2017 मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. शासनाच्या शंकांपैकी एक अशी होती की, पुरात कोणी दगावले तर नदीवर दावा लागेल का आणि भरपाई तिच्या पालकांनी द्यायची का? शंका हास्यास्पद वाटली तरी निरर्थक नाही. दर्जा दिला पण पालकांचे अधिकार, निधी आणि हद्द ठरवली नाही, तर दर्जा कागदावर राहतो. स्पेनमध्ये मार मेनोर या खाऱ्या सरोवराला 2022 मध्ये कायद्याने असा दर्जा मिळाला. त्यामागे सहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या होत्या आणि कायद्यातच त्याच्या समित्यांची रचना घालून दिलेली आहे. मामा तलावासाठी एवढ्या दूर जाण्याची गरज मला दिसत नाही.

आधी एक अडचण सांगतो, जी फार थोड्यांच्या लक्षात आलेली असते. पाणथळ जागांबाबतच्या 2017 च्या केंद्रीय नियमांतून धानाची शेते आणि सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळलेले आहेत. महाराष्ट्रात सारसाचे जगणे मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडाऱ्याच्या काही भागात उरले आहे, आणि तेथे तो राहतो नेमक्या याच दोन ठिकाणी. पक्ष्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, पण त्याच्या घराला पाणथळ जागांच्या नियमांचे नाही. म्हणून वरून संरक्षण येईल या आशेवर राहू नये.

गावाच्या हातात असलेली साधने अशी आहेत. जैवविविधता अधिनियम, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करणे हे तिचे काम आहे. हरित लवादाने मुदत घातल्यानंतर अनेक ठिकाणी या नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. आपल्या गावची नोंदवही एकदा उघडून पाहा. तिच्यात शेजारच्या तालुक्याचीच यादी उतरवलेली आढळली तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. पाणकाठ सांगतात तो पातळी-महिना-जीव तक्ता ग्रामसभेच्या ठरावाने या नोंदवहीचा भाग करता येतो. मग तो हौशी मंडळींचा कागद राहत नाही, समितीचा अभिलेख होतो.

तलाव वनक्षेत्रात किंवा त्याला लागून असेल आणि सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, तर बळ आणखी वाढते. 2006 च्या वनहक्क कायद्यात मासे आणि जलाशयातील इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मान्य आहे, आणि कलम 5 ने वन्यजीव, जैवविविधता, पाणलोट आणि जलस्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने हा हक्क कसा वापरला ते पाहण्यासारखे आहे. तेथील ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. पत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आग लावली जाते आणि जंगलाची हानी होते, असा त्यांचा विचार होता. पत्ता न तोडल्याने तेंदूची फळे माणसांना आणि प्राण्यांना मिळू लागली. शिवाय त्यांनी सुमारे 34 हेक्टर जंगल देवराईसारखे पूर्णपणे राखून ठेवले. तेथे कोणी अस्वलाचा मुखवटा घातला नव्हता. उत्पन्नाचा एक मार्ग सोडण्याचा निर्णय ग्रामसभेने घेतला आणि तो पाळला.

जुन्या मध्यप्रांतातील निस्तार हक्कांच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या रोजच्या गरजांसाठीच्या सामायिक वापराच्या हक्कांच्या, नोंदीही काढून बघाव्यात. गुरांना पाणी पाजण्याची जागा आणि वाट त्यांत सापडू शकते. पाळीव जनावरांपुरते का होईना, मनुष्येतरांचे तलावावरचे स्थान महसुली दप्तरात आधीपासून लिहिलेले असण्याची शक्यता आहे, आणि अशी नोंद सापडली तर अधिकाऱ्यांशी बोलणे सोपे जाते. पाळीवर फरसबंदी करताना गुरांचा उतारच बंद झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

काठरेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाणकाठ यांचा अंदाज बरोबर आहे. बैठकीला तीन ढिवर स्त्रिया आल्या होत्या, त्या मागे बसल्या आणि कोणी त्यांना विचारले नाही, आमच्यासह. पहिली फेरी त्यांच्याबरोबर ठेवत आहे आणि फेरीच्या दिवशी त्यांची मजुरी बुडणार असल्याने तेवढे मानधन आराखड्याच्या खर्चात धरत आहे.

पण कामाला मंजुरी मिळालेली असल्याने वर्षभर थांबणे शक्य नाही. खोदाई येत्या उन्हाळ्यात होणार आहे. अशा स्थितीत अंदाजपत्रकात आणि ठरावात आत्ताच काय लिहून घ्यावे, की ज्यामुळे यंत्र उतरल्यावर पश्चिमेचा काठ वाचेल?

पाणकाठ

वर्षभराचा तक्ता नसला तरी पश्चिमेचा काठ कोठून कोठपर्यंत राखायचा हे मे महिन्यातील एका फेरीत ठरू शकते. तळ उघडा असल्याने गेल्या पावसाळ्यातील देवधानाचे बुंधे आणि पाण्याच्या रेषा दिसतात. ती हद्द चुनखडीने आखावी आणि तेथे दगड रोवावेत. नकाशावरची रेषा पोकलेन चालवणाऱ्याला दिसत नाही. हद्दीच्या आत यंत्र उतरणार नाही, बेशरम हातानेच मुळासकट काढली जाईल, आणि हद्दीबाहेर खोदाई करताना वरचा वीतभर गाळ वेगळा काढून काठावर परत पसरला जाईल, या तीन अटी कामाच्या तपशिलात लिहा. त्या वरच्या गाळात वनस्पतींचे बी असते, आणि नेमका तोच सुपीक म्हणून शेतात नेण्याची सर्वांना घाई असते.

धानबांधी

वरच्या गाळाबद्दल शेतकरी कुरकुर करतील, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांना मधल्या खोदाईतील गाळ देण्याचे ठरावात लिहा, म्हणजे विरोध राहणार नाही. मधून खोदाईचा वाढीव वाहतूक दर अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धरा, नाहीतर कंत्राटदार पहिल्या दिवशी होय म्हणेल आणि तिसऱ्या दिवशी काठावर येईल. ज्याच्या बांधीत घरटे होईल त्याला त्या हंगामात ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार संस्थेने किती धान द्यायचे, हेही पोत्यांत लिहून ठेवा. रुपयांत लिहिले तर दरवर्षी वाद होईल.

कलम पाच

ठराव साध्या सभेत न घेता ग्रामसभेत घ्या आणि हद्दीचा नकाशा त्याला जोडा. गेटच्या दगडावर सप्टेंबरपर्यंतची किमान पातळी रंगाने आखून घ्या. ती पातळी खाली नेण्याचा निर्णय कोण घेणार, मच्छीमार संस्थेच्या बाजूने त्यावर कोणत्या दोन स्त्री सदस्यांची सही लागणार आणि गेटची किल्ली कोणाकडे राहणार, हे पदनामासह लिहा. देयक देण्यापूर्वीच्या पाहणीत हद्दीचे दगड जागेवर असल्याचा जैवविविधता समितीचा दाखला जोडणे बंधनकारक केले, तर कंत्राटदार स्वतःच त्या दगडांची काळजी घेईल.